फाउल त्यांचा, बाहेर आमचा दिग्या

दिग्या गेल्याचं मला मिरकरवाड्याच्या बंदरावर कळलं. लिलावाची गर्दी ओसरल्यावर मी मासे घ्यायला गेलो होतो आणि बांगड्याच्या वाट्यावरून मासेवालीशी नेहमीसारखी हुज्जत घालत होतो. तेवढ्यात फोन वाजला. मीनलचा, म्हणजे दिग्याच्या मुलीचा. "नंदूकाका, बाबा..." एवढंच ती म्हणाली आणि पुढे नुसता गोंगाट ऐकू येत राहिला. मग तिच्या चुलतभावाने फोन घेतला. खेडजवळच्या त्यांच्या गावी घराची वास्तुशांत होती, आदल्या दिवशीच सगळे तिकडे गेले होते. सकाळी दिग्या विहिरीवर पाणी काढायला गेला आणि कठड्याशी बसला तो बसलाच. खेडला दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला खरं सांगायचं तर दुःख नंतर झालं, आधी राग आला. आदल्या संध्याकाळी फोनवर आमचं जोरदार वाजलं होतं. अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे बाद फेरीचे सामने चालू होते, त्यातल्या एका सामन्यावरून मी तावातावाने बोलत होतो आणि तो म्हणाला होता, "नंद्या, पंगत बसलीय रे इथं. वाढायला हवं. उद्या बोलू, मग तुला गप करतो." मी सकाळपासून उत्तरं तयार ठेवून बसलो होतो. मासेवालीने माझ्या तोंडाकडे बघितलं, काही न विचारता पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "जा, पैशाचं मागाहून बघू."

दिगंबर मोहिते हे नाव रत्नागिरीबाहेर फारसं कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. रत्नागिरीतही नावापेक्षा उंचीवरूनच तो ओळखला जायचा. एसटीच्या ऑफिसात तो क्लार्क होता आणि पासाच्या खिडकीमागे उभा राहिला की बाहेरच्या माणसाला त्याची छाती तेवढी दिसायची, चेहऱ्यासाठी वाकावं लागायचं. खेडकडच्या एका आडगावातून तो कॉलेजसाठी इथे आला तेव्हा बास्केटबॉल म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं. गावात त्याच्या उंचीचा उपयोग फक्त फणस काढायला व्हायचा. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात खातू सरांची नजर त्याच्यावर पडली. खातू सर नोकरीला बँकेत, पण संध्याकाळी आमच्या मंडळाच्या मैदानावर येऊन पोरांना शिकवायचे. एक पैसा घ्यायचे नाहीत आणि एक चूक सोडायचे नाहीत. त्यांनी दिग्याला विचारलं, "बास्केटबॉल खेळतोस का?" दिग्या म्हणाला, "नाय, पण काम असलं तर सांगा." सरांनी तिथल्या तिथे त्याला रिंगखाली उभा केला. तिथून पुढे अठरा-वीस वर्षं तो तिथेच उभा होता म्हणायला हरकत नाही.

मी स्वतः बुटका. दोन वर्षं खेळलो, मग गुडघा गेला आणि मी शिट्टी गळ्यात घातली. पेशाने चित्रकलेचा शिक्षक, त्यामुळे लोकांना वाटायचं हा माणूस मवाळ असणार. मैदानावर आले की त्यांचा गैरसमज दूर व्हायचा. नियमांच्या बाबतीत मी हट्टी होतो आणि अजूनही आहे. दिग्याशी माझी दोस्ती झाली ती भांडणातूनच. त्याच्या पहिल्याच स्पर्धेत मी त्याला समोरच्यांच्या रिंगखाली सलग तीन सेकंदांहून जास्त थांबायचं नाही या नियमात पकडलं, तेव्हा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि फार नम्रपणे म्हणाला, "मी कुठं उभा राहू ते एकदा सांगून टाका, म्हणजे तुमची शिट्टी वाचेल." मी हसलो नाही, पंचाने हसायचं नसतं. पण सामना संपल्यावर आम्ही एकत्र चहा प्यायलो आणि तो चहा पुढे जवळजवळ रोजचा झाला.

रिंगखाली दिग्या भिंतच होता. उडालेला चेंडू त्याच्या हातात गेला की परत यायचा नाही. पण देवाने त्याला एक गोष्ट दिली नव्हती, ती म्हणजे फ्री थ्रो. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. समोरच्या संघाने धसमुसळेपणा केला की फाउल होतो, आणि एका क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या पाव भागात, चार फाउल भरले की पुढच्या प्रत्येक फाउलला ज्याला धक्का लागला त्याला दोन फ्री थ्रो मिळतात. रिंगसमोरच्या रेघेवर एकट्याने उभं राहायचं, कुणी अडवायचं नाही, शांतपणे चेंडू टाकायचा. दिसायला इतकं सोपं दुसरं काही नाही. पण काही धिप्पाड माणसांना, अगदी करोडोंनी कमावणाऱ्या अमेरिकन खेळाडूंनासुद्धा, ते आयुष्यभर जमत नाही. मग समोरचा संघ हिशेब करतो. याला सरळ खेळू दिलं तर दोन गुण जाणार, मुद्दाम धरला तर बहुतेक एकही जाणार नाही. म्हणून चेंडू कुठेही असो, त्याच माणसाला जाऊन मिठी मारायची. याला फाउल म्हणायचं की धोरण, यावर जगभर वाद आहेत. आमच्या मैदानावर त्या वादाचं नाव दिग्या होतं.

त्या फ्री थ्रोचीही एक गंमत आहे. आमचं मैदान जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वर सिमेंटचा थर दिलेला. ते केलं तेव्हा मंडळाकडे ना नकाशा ना टेप. चिरे बसवणाऱ्या गवंड्यानेच दोरीने मापं घेतली आणि रेघाही त्यानेच मारल्या. फ्री थ्रोची रेघ मैदानाच्या शेवटच्या रेषेपासून मोजायची असते, बोर्ड त्या रेषेच्या बराच आत आलेला असतो. गवंड्याला वाटलं, चेंडू बोर्डाकडे टाकायचा म्हणजे बोर्डाखालूनच मोजायला हवं. माप तेच, सुरुवात चुकीची. रेघ चांगली लांब ढांगभर मागे गेली. कुणाच्याही लक्षात आलं नाही. आमची पोरं त्या रेघेवर घाम गाळायची आणि बाहेरगावी गेली की प्रत्येकाचा पहिला फ्री थ्रो बोर्डावर धाडकन आपटायचा. लोक म्हणायचे, रत्नागिरीची पोरं दांडगट आहेत. काही वर्षांनी पंचांच्या शिबिरासाठी बाहेरून एक गृहस्थ आले, त्यांनी टेप काढली आणि कपाळाला हात लावला. त्याच दुपारी आम्ही रेघ नव्याने मारली. रंग वाळायच्या आत सगळ्यांनी दिग्याला घेरलं. आता कळलं बघ, तुझा दोष नव्हताच! दिग्यालाही पटलं असावं, त्याचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू. त्याने हात पुसले, रेघेमागे उभा राहिला आणि टाकायला लागला. पहिला रिंगेला लागून बाहेर. दुसरा आखूड. तिसरा डावीकडून जाळीला बाहेरूनच चाटून गेला... आम्ही एकेक करून घरी गेलो. शेवटी तो आणि मी. तो म्हणाला, "रेघ हलली रे. माझा हात नाय हलला." आणि मोठ्याने हसला. ते हसणं मला तेव्हा खरं वाटलं होतं.

तो खचला नाही. रोज सकाळी ऑफिसच्या आधी मैदानावर जायचा आणि त्या नव्या रेघेवरून टाकत राहायचा. पावसात मैदान शेवाळायचं तेव्हासुद्धा पायाखाली गोणपाट टाकून. खातू सरांनी सगळे उपाय केले. कोपर आत घे, गुडघे वाक, रिंगच्या मागच्या कडेकडे बघ. एका उन्हाळ्यात त्याला खालून दोन्ही हातांनी टाकायला लावलं, बादलीतलं पाणी फेकतात तसं. तो निमूटपणे टाकायचा आणि मैदानाच्या कडेला बसलेली कॉलेजची पोरं खिदळायची. सरांच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. वडील लहानपणीच वारलेले, त्यामुळे सरांना तो वडिलांच्या जागी मानायचा. लग्नाची मुलगी बघायलासुद्धा सरांनाच घेऊन गेला होता.

आमची मे महिन्यातली स्पर्धा हा गावचा सणच असतो. मुंबईला नोकरीला असलेली पोरं तेवढ्यासाठी रजा राखून ठेवतात. तेव्हा ती आजच्यापेक्षा मोठी होती आणि त्या वर्षी अंतिम सामन्यात घाटावरून आलेला एक तगडा संघ आमच्यासमोर उभा होता. मी पंच. गावातली स्पर्धा, गावातले पंच, त्याबद्दल कुणाला काही वाटायचं नाही. शेवटची काही मिनिटं उरली, आम्ही थोडे पुढे होतो आणि त्यांचा कप्तान ओरडला, "त्या लांबड्याला धरा!" त्यांनी धरला. हात चेंडूकडे नेल्याचं नाटक करायचे आणि दिग्याच्या कमरेला विळखा घालायचे. मुद्दाम केलेल्या फाउलला जास्त शिक्षा तेव्हाही होती, पण ते नाटक इतकं बेमालूम होतं की मला साधा फाउल देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. फ्री थ्रोच्या वेळी खेळाडूच्या हातात चेंडू पंच देतो. दर वेळी मी चेंडू दिग्याच्या हातात द्यायचो आणि दर वेळी त्याचे तळवे ओले लागायचे. एक शब्द बोलायची मला मुभा नव्हती. श्वास घे, एवढं तरी म्हणावं असं फार वाटायचं. त्याने टाकले ते जवळजवळ सगळे चुकले, एक गेला तोही बोर्डावर आपटून नशिबाने. आघाडी एका गुणावर आली. तेव्हा खातू सरांनी बदली मागितली. दिग्या बाहेर, दुसरा आत. दिग्या चालत बेंचवर गेला, डोक्यावरून टॉवेल घेतला. आम्ही त्या एका गुणाने जिंकलो. मैदानात नुसता जल्लोष. फोटोत दिग्या सर्वांत मागे उभा आहे, उंच असल्यामुळे. त्याच्या चेहऱ्यावर हसू आहे.

त्या दिवसापासून मी या मुद्दाम केलेल्या फाउलचा वैरी झालो. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या दोस्ताची अब्रू काढली होती आणि शिट्टी माझ्याच तोंडात होती. आमच्या स्पर्धेला स्थानिक नियमांची जुनी सवय आहे. चेंडू शेजारच्या फणसावर अडकला तर घड्याळ थांबतं, उन्हामुळे पहिला सामना चारच्या आत सुरू करायचा नाही, असले नियम आम्ही बैठकीत बसून ठरवतो. मी दर वर्षी बैठकीत एकच मागणी मांडायचो. शेवटच्या मिनिटांत फाउल झाला तर ज्याच्यावर झाला त्या संघाला निवड द्या, फ्री थ्रो घ्या किंवा चेंडू ठेवा. मग धरून फायदाच उरणार नाही. आणि दर वर्षी माझ्या विरोधात हात वर करणारा पहिला माणूस दिग्या असायचा. ज्याच्यासाठी मी भांडत होतो तोच! एकदा चिडून मी म्हटलं, "अरे मेल्या, तुझ्याचसाठी करतोय ना हे?" तर तो म्हणाला, "तेच नको. माझ्यासाठी नियम वाकवलात तर मी काय म्हणून खेळू? ज्याला टाकता येत नाय त्यानं शिकावं." खेळणं सुटलं, केस पिकले, पण या एका मुद्द्यावर तो तसूभर हलला नाही.

नंतर घरोघरी केबल आली, मग मोबाईल आले आणि आम्हाला अमेरिकेतले सामने दिसायला लागले. तिकडची रात्र म्हणजे आपली सकाळ. दिग्या चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसायचा, मी माझ्या घरी, आणि मधे फोन चालू. तिथेही तेच चाललेलं बघून मला तर हर्ष झाला. धिप्पाड खेळाडूला भर मैदानात धरून ठेवलंय, चेंडू पार दुसऱ्या टोकाला, प्रेक्षक कंटाळून जांभया देताहेत. त्यांच्याकडे तर नियमच होता की शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून लांब असलेल्या माणसाला असं धरलं तर एक फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्याच संघाला. पुढे तो नियम प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांना लावला. मी दिग्याला फोन करून म्हटलं, बघ, अख्खी अमेरिका माझ्या बाजूने आली. तो म्हणाला, "दोनच मिनिटांपुरती आली. बाकीच्या वेळी माझ्या बाजूनं हाय." असं आमचं वर्षानुवर्षं चालायचं. त्याच्या शेवटच्या संध्याकाळीही हेच चाललं होतं. मला वाटायचं हा त्याचा ताठा आहे. कोकणातला माणूस उपकार घ्यायला नाखूष असतो, तसलं काहीतरी.

दहाव्याला मी खेडला गेलो. सगळे विधी आटोपल्यावर दिग्याची बायको, सुषमा वहिनी, मागच्या पडवीत एकट्या बसल्या होत्या, त्यांच्याजवळ जाऊन बसलो. त्याच म्हणाल्या, "भावोजी, आता सकाळी फोन कुणाला करणार?" मला हुंदका आवरला नाही. मग बोलता बोलता त्या सामन्यांचा विषय निघाला आणि त्यांनी मला असं काही सांगितलं की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. म्हणाल्या, "ते धरतात बिरतात त्याचं त्यांना काही वाटायचं नाही. हसायचे उलट. पण त्या मोठ्या माणसाला त्याच्याच कोचने बाहेर बोलावला ना, की टीव्ही बंद. उठून सरळ झाडांना पाणी घालायला जायचे. मी एकदा विचारलं, एवढं काय झालं? तर म्हणाले..." मग त्याच्याच बोलण्यात, त्याच्याच हेलात म्हणाल्या, "'धरणारे परके होते गो. बाहेर मला आपल्याच माणसानं बसवलान.' एवढंच. परत कधी बोलले नाहीत. मला वाटलं, तुम्हाला तरी सांगितलं असेल."

मला सांगितलं नव्हतं. सांगणार कसा? मी खातू सरांशी जाऊन भांडलो असतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि सरांना कुणी बोललेलं त्याला खपलं नसतं. दर दिवाळीला पहिला फराळ सरांकडे, सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर हा त्यांना हात धरून फिरवत होता. ते सगळं मनापासून होतं, यात मला आजही शंका नाही. आणि ते दुखणंही तितकंच खरं होतं. एसटीने परत येताना मी खिडकीशी बसून इतक्या वर्षांचे आमचे वाद पुन्हा पुन्हा आठवत होतो. मी ज्याच्यावर औषध शोधत होतो तो त्याचा आजारच नव्हता. फाउल होऊ दे, चेंडू चुकू दे, लोक हसू देत, पण मला आत राहू द्या. एवढंच त्याला हवं होतं.

मेच्या स्पर्धेची बैठक त्यानंतर थोड्याच दिवसांनी झाली. खातू सर आता पंचाहत्तरी ओलांडलेले, काठी घेऊन चालतात, पण अध्यक्ष तेच. आधी दिग्यासाठी उभं राहून शांतता पाळली. खाली बसल्यावर सर म्हणाले, "यंदा एक ठराव माझा आहे. मुद्दाम फाउल करण्याविरुद्धचा तो नियम, जो नंदू दर वर्षी मांडतो, तो दिगंबरच्या स्मृतीला म्हणून यंदापासून लागू करू या. त्याला फार सोसावं लागलं." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांची माझी मागणी माझ्या पुढ्यात ताट वाढून ठेवावं तशी ठेवली होती. शिवाय मीनल यंदा मुलींच्या संघातून खेळणार होती. ती पुण्याला नोकरी करते, बापासारखीच उंच, आणि फ्री थ्रोच्या बाबतीतही बापाचीच लेक. हा नियम झाला असता तर पहिला आडोसा तिलाच मिळाला असता. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "माझा विरोध आहे."

कुणाला काही कळेना. सर म्हणाले, "अरे, तूच तर..." मी म्हटलं, "हो सर, मीच. आणि नियम चांगला आहे असं मला अजूनही वाटतं. पुढच्या वर्षी मीच आणीन. पण दिग्याच्या नावाने नको. तो नाही म्हणायचा, आणि आता नाही म्हणायला तो इथे नाही, म्हणून मी म्हणतोय." सरांनी विचारलं, "मग त्याच्यासाठी काय करायचं? त्याला काय हवं होतं?" तो प्रश्न मला नको होता. खोलीत सगळे बसले होते. सरांच्या डोळ्यांकडे न बघता मी म्हटलं, "त्याला बाहेर बसायचं नव्हतं, सर." कुठला सामना, कुठली बदली, काही बोलावं लागलं नाही. ठराव बारगळला आणि आम्ही मंडपवाल्याच्या विषयाकडे वळलो. आपण म्हाताऱ्या माणसाला फार लागेल असं बोललो, या विचाराने मी त्या दिवशी जेवलोही नाही.

स्पर्धेत मुलींचा उपांत्य सामना संध्याकाळी होता. समोर मुंबईचा संघ. मी पंच, माझा गुडघा अजून तेवढं धावू देतो. आमच्या मुलींची कोच शीतल, हुशार आणि कडक, आणि तिच्या शेजारी बेंचवर खातू सर, मानाची खुर्ची सोडून मुद्दाम तिथे येऊन बसलेले. सुषमा वहिनी आल्या नव्हत्या, त्यांना अजून झेपण्यासारखं नव्हतं. मीनलने सामनाभर रिंगखाली जे काही केलं ते बघताना मला दोनदा चष्मा पुसावा लागला. शेवटचं दीड मिनिट उरलं, आम्ही एका गुणाने पुढे, आणि मुंबईच्या मुलींनी मीनलला धरलं. हात चेंडूकडे नेण्याचं तेच बेमालूम नाटक, मी शिट्टी वाजवली. दोन फ्री थ्रो. चेंडू तिच्या हातात दिला. तळवे ओले होते. दोन्ही चुकले. मुंबईने पलीकडे जाऊन बास्केट केली, आता आम्ही एका गुणाने मागे. शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाली की घड्याळ थांबतं आणि ज्यांच्यावर झाली त्यांना बदली मागता येते. शीतल ताडकन उठली, घड्याळाच्या टेबलाकडे वळली. बदलीची मुलगी जर्सीवरचा टी-शर्ट काढून तयारच होती. शीतलचं चुकत नव्हतं, कुठल्याही कोचने तेच केलं असतं. आणि मी बघितलं, खातू सरांनी बसल्या जागेवरून हात लांब केला आणि शीतलचं मनगट धरलं. ती काहीतरी म्हणाली. सरांनी मान हलवली, मनगट सोडलं नाही. शीतल पुन्हा खाली बसली.

मीनलने बेंचकडे बघितलं होतं. बोलावणं येणार हे तिलाही माहीत होतं, ती एक पाऊल निघालीसुद्धा होती. कुणी बोलावत नाही म्हटल्यावर ती परत फिरली, चेंडू आमच्याकडे आला, पुन्हा त्यांनी तिलाच धरलं आणि ती पुन्हा रेघेवर येऊन उभी राहिली. मी चेंडू दिला. पहिला रिंगवर फिरून बाहेर पडला. दुसरा आत गेला असता तर बरोबरी होती आणि मला इथे काहीतरी गोड लिहिता आलं असतं. तोही चुकला. मीनल वळली आणि बचावाला धावत गेली, शेवटची शिट्टी होईपर्यंत जीव तोडून धावत राहिली. आम्ही तीन गुणांनी हरलो. घाम निथळत ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, मला काढलं नाही त्यांनी." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या आईने तिला सांगितलं होतं की नाही, मी विचारलं नाही.

मैदान रिकामं झालं. पोरं खुर्च्या उचलायला लागली तरी खातू सर बेंचवरून उठले नव्हते. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. समोरच्या रिंगेकडे बघत ते म्हणाले, "त्या वर्षी आपण जिंकलो होतो."

"हो, सर."

"दिगंबर आत असता तर हरलो असतो."

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण दिग्याच्या बाबतीत सरांशी खोटं बोलणं मला जमलं नाही. "बहुतेक हरलो असतो," मी म्हटलं.

सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग हरायला हवं होतं रे, नंदू."